युवक संवाद बैठकांसाठी सभागृह मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अधिकारी महोदय,

विषय : बारामती व इंदापूर तालुक्यांतील सर्व जातीजमातींच्या तरुणांच्या संवाद बैठकांसाठी सभागृह उपलब्ध करून देणेबाबत.
संदर्भ : आमची यापूर्वीची तीन निवेदने व एक स्मरणपत्र.

महोदय,

या विषयावरचे हे आमचे चौथे निवेदन आहे. आधीच्या तिन्हींवर आवकचा शिक्का आहे, लेखी उत्तर एकाचेही नाही.

मराठा, धनगर, माळी, बौद्ध, मातंग, मुस्लिम आणि पारधी घरांतील आम्ही मुलेमुली महिन्यातून एका रविवारी एकत्र बसतो. 2014 साली बारामतीत धनगर आरक्षणासाठी उपोषण झाले तेव्हा आम्ही लहान होतो. 2023 मध्ये मराठा-ओबीसी वाद पेटला, तेव्हा मात्र एका बाकावर बसणारे मित्र एकमेकांचे स्टेटस पाहून बोलेनासे झाले. बैठक त्यातून सुरू झाली. समोरच्याचे त्याच्याच तोंडून ऐकायचे, मध्ये तोडायचे नाही, एवढाच नियम.

एका बैठकीत पारधी मुलीने सांगितले की, गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी आमच्या पालावर येते. 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती 1952 साली मुक्त झाल्या, हे आम्ही वाचले होते. वडिलांना नेत असताना ती दप्तर पोटाशी धरून उभी होती, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. तेव्हा एक बागाईतदाराचा मुलगा उठून म्हणाला, "आमची मोटार चोरीला गेली तेव्हा तुमच्या वस्तीचं नाव मीच घेतलं होतं." बैठकीत जुन्या गोष्टीही निघाल्या. 1972 साली इंदापूर तालुक्यातील बावड्यात दलितांवर बहिष्कार पडला होता, त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली. बावड्याची ही गोष्टही आमच्यातल्या कित्येकांना बैठकीतच कळली.

आता सभागृहाविषयी. पहिल्या निवेदनानंतर "पुढच्या रविवारी किल्ली मिळेल" असे सांगण्यात आले. रविवारी शिपाई म्हणाला, किल्ली साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या वेळी "लेखी आदेश काढतो" असा शब्द मिळाला, तो आदेश अजून निघायचा आहे. तिसऱ्या वेळी आम्हालाच विचारले गेले, "जातीवर बोलणार, भांडणं झाली तर?" महोदय, याच सभागृहात साखरपुडे होतात. एकेका समाजाचा मेळावा असला की कुलूप लगेच निघते. सगळे समाज एकत्र बसायचे म्हटले की किल्ली सापडत नाही. आम्ही पायऱ्यांवर बसलो, श्रावणात भिजलो. मग देवळाच्या ओट्यावर गेलो, तर आमच्यातले काही जण ओट्यावर चढेनात. त्यांना कोणी अडवले नव्हते, तरी चढेनात. सगळ्यांना सारखीच हक्काची अशी जागा गावात हे सभागृहच आहे. शेवटी लिंबाखाली बसू लागलो. तिथे दिवा नाही, स्वच्छतागृह नाही. नऊ मुली येत होत्या, आता दोन येतात. त्या पारधी मुलीचे येणे बंद झाले आहे.

म्हणून मागणी आहे की, दरमहा एका रविवारी सभागृह विनाशुल्क देण्याचा लेखी आदेश निघावा. किल्ली कोणाकडे असेल त्याचे नाव त्यात असावे. तोंडी आश्वासन आता नको. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेत या बैठकांचा समावेश व्हावा. इंदापूरकडून येणाऱ्या मुलींच्या प्रवासाची सोय पाहावी.

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता आम्ही सभागृहाच्या दारात येत आहोत. किल्ली घेऊन कोणाला तरी पाठवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
बारामती व इंदापूर तालुक्यांतील युवक-युवती
(सोबत : सह्यांची यादी व आधीच्या निवेदनांच्या पोचप्रती)