सावधान!

मनुष्याने चाक घडविले त्या दिवसापासून त्याचा वेग वाढत आला. डोळे मात्र पूर्वीचेच राहिले. बैलगाडीच्या काळात हे उणेपण फारसे जाणवत नसे. बाजाराहून परतताना गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैलांना लागत नसे. वाटेत दुसरी गाडी आडवी आली, की ते आपण होऊन थांबत आणि निजलेल्या धन्याला अपरात्री अंगणात सुखरूप आणून सोडीत. मोटार आली, वेग कितीतरी पटींनी वाढला आणि वाहनातला हा दुसरा जागा जीव नाहीसा झाला. चालकाचा डोळा लागला, की सारी मोटारच आंधळी होऊ लागली.

हा हरवलेला सोबती मोटारीला परत मिळवून द्यावा, असा प्रयत्न आता शास्त्रज्ञांनी केला आहे. आजच्या अनेक मोटारींच्या पुढील भागात एक लहानसे रडार असते आणि समोरच्या काचेच्या आत, वरच्या बाजूस, एक कॅमेरा असतो. ही साधने पुढच्या वाहनावर अखंड नजर ठेवतात. चालकाने ताशी ८० किलोमीटर वेग ठरवून दिला, की मोटार त्या वेगाने धावते. पुढे एखादे सावकाश जाणारे वाहन आले, तर ती स्वतःच मंदावते, नेमून दिलेले अंतर राखून त्याच्या मागोमाग चालते आणि वाट मोकळी होताच पुन्हा पूर्वीचा वेग घेते. या योजनेला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल असे म्हणतात. तिच्या जोडीला टक्करीचा धोका दिसताच घंटा वाजविणारे आणि दिवा लावणारे यंत्र असते. काही मोटारींत, चालकाने वेळीच ब्रेक दाबला नाही, तर यंत्रच तो लावते.

या शोधाचा उगम एका अंध माणसाच्या बुद्धीत आहे, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. राल्फ टीटर यांचा जन्म १८९० साली अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. वयाच्या पाचव्या वर्षी अपघातात त्यांची दृष्टी गेली. तरीही ते नामांकित अभियंते झाले. मोटारीचा वेग एकसारखा राखणारे यंत्र त्यांनी तयार केले. त्याचे पेटंट त्यांना १९५० साली मिळाले आणि १९५८ साली ते क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत बसू लागले. परंतु त्या यंत्राला वेग कळे, रस्ता कळत नसे. रस्ता पाहणाऱ्या डोळ्याची कल्पना त्याहून जुनी. ख्रिस्तियन ह्यूल्समायर या जर्मन संशोधकाने जहाजांच्या टकरी टळाव्यात म्हणून १९०४ साली कोलोन येथे, ऱ्हाइन नदीवर, रेडिओलहरींनी दूरचे जहाज ओळखून दाखविले होते. या दोन कल्पना मोटारीत एकत्र येण्यास जवळजवळ शतक लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस जपान व जर्मनी येथील मोटारींना हा डोळा लाभला आणि पुढे भारतीय रस्त्यांवरील मोटारींतही तो दिसू लागला.

हे यंत्र करते काय? ते चालकाला वेळ देते. समजा, एक मोटार ताशी ९० किलोमीटर वेगाने धावत आहे, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. पुढील ट्रकचा वेग ताशी ५४ किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. दोहोंमध्ये ४० मीटर अंतर आहे. मोटार दर सेकंदाला ट्रकच्या १० मीटर जवळ सरकते. म्हणून टक्करीला उरले अवघे ४ सेकंद. धोका पाहून ब्रेकवर पाय जाईपर्यंत सावध चालकाचाही सुमारे दीड सेकंद जातो. चालक तीन सेकंद मोबाइलकडे पाहत राहिला, तर मान वर करीपर्यंत १० मीटरच अंतर उरते. रडारला हे गणित एका क्षणात सुटते. घंटा वाजते आणि गेलेले सेकंद चालकाच्या पदरात परत पडतात. हे सेकंद म्हणजे कोणाचे तरी आयुष्य असते. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. युरोपीय संघाच्या देशांत जुलै २०२४ पासून नव्या मोटारींना आपोआप ब्रेक लावणारे यंत्र सक्तीचे झाले आहे, ते उगाच नव्हे.

तरीही काही जाणत्या चालकांना हे यंत्र आवडत नाही. त्यांची तक्रार अशी, की ते फार अंतर सोडते. त्या मोकळ्या जागेत दुसरा कोणी घुसतो, यंत्र पुन्हा मागे सरते आणि प्रवास लांबतो. ही तक्रार गणिताच्या कसोटीवर घासून पाहावी. पुढच्या वाहनापासून दोन सेकंदांचे अंतर राखावे, असा चांगल्या चालकांचा नियम आहे. एक वाहन मध्ये घुसले आणि मोटार पुन्हा तेवढे मागे सरली, तर नुकसान होते सुमारे दोन सेकंदांचे. मुंबईहून पुण्यास जाताना अशी तीस वाहने घुसली, तरी एकंदर एकच मिनिट जाते! त्या एका मिनिटासाठी माणूस रागावतो, भोंगा वाजवितो, पुढच्याच्या अगदी पाठीला जाऊन भिडतो. यंत्राला राग नाही आणि मानापमानही नाही. कोणी पुढे गेले, तर ते निमूटपणे चार पावले मागे सरते. एवढा समजूतदारपणा लोखंडाला साधला, तो माणसाला का साधू नये?

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. यंत्र जागे आहे, या भरवशावर माणूस झोपेल, त्याचे काय? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ साली हाच विरोधाभास मांडला होता. यंत्र जसजसे कुशल होते, तसतसा माणसाचा सराव सुटतो. आणि जे काम यंत्राला जमत नाही, ते नेमके अवघड काम त्या सराव सुटलेल्या माणसावर येऊन पडते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तेथील सरळ, एकसुरी वाटेवर मन आधीच पेंगुळते. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात ३३ मीटर कापते. म्हणजे क्षणभर डोळा मिटला, तर अडीच कबड्डीची मैदाने न पाहताच मागे पडतात. अशा वेळी पायाचे काम यंत्राने करावे, हे बरे. पण डोळ्याचे कामही त्याच्यावर सोपवून चालक निर्धास्त झाला, तर सोबतीच घातक ठरेल.

कारण या सोबत्याची दृष्टी अपुरी आहे. दाट धुके, मुसळधार पाऊस, रडारवर बसलेला चिखल, घाटातील तीव्र वळण यांपुढे त्याचे काही चालत नाही. चालत्या वाहनाचा माग ते उत्तम काढते. वाटेत उभे असलेले वाहन मात्र त्याला धोका म्हणून ओळखू येईलच असे नाही, अशी सूचना मोटारींच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. साखर कारखान्यांच्या हंगामात रात्रीच्या वेळी मागे दिवा नसलेली, उसाने ओतप्रोत भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते. एकाएकी म्हैस आडवी येते. चेंडूच्या मागे एखादे मूल धावत सुटते. रस्त्यावर चेंडू दिसला, म्हणजे मागून मूल येईल, हे रडारला ठाऊक नाही. ते माणसालाच ठाऊक असते. यंत्राला दिसते, माणसाला समजते. या दोहोंतील भेद ज्याला कळला नाही, त्याच्या हाती यंत्र देऊ नये.

समर्थ रामदासांच्या बालपणीची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. बोहल्यावर उभ्या असलेल्या नारायणाच्या कानी ‘सावधान’ हा शब्द पडला आणि तो मांडवातून निघून गेला. तो शब्द मांडवातील सर्वांनीच ऐकला होता. सावध झाला, तो एकटा नारायण. मोटारीतील घंटेचेही असेच आहे. घंटा वाजविणे यंत्राच्या हाती. सावध होणे न होणे माणसाच्या हाती. रोज वाजते म्हणून जो तिच्याकडे दुर्लक्ष करतो, किंवा कटकट नको म्हणून ती बंदच करून टाकतो, त्याला जगातील कोणतेही यंत्र वाचवू शकणार नाही.

म्हणून या यंत्राचा तिरस्कारही करू नये आणि त्याला शरणही जाऊ नये. ते घ्यावे, त्याचे गुण व मर्यादा समजून घ्याव्यात आणि आपले डोळे रस्त्यावरच ठेवावेत. यंत्राने राखलेले अंतर पाहून, यंत्र नसतानाही तेवढे अंतर राखण्याची सवय ज्याला लागली, त्याने त्या यंत्राचा खरा उपयोग केला. रस्ता ओलांडण्यासाठी कडेला उभ्या असलेल्या मुलाला, येणाऱ्या मोटारीत रडार आहे की नाही, हे दिसत नाही. चालकाने आपल्याला पाहिले आहे, एवढ्या एका विश्वासावर ते रस्त्यात पाऊल टाकते. त्या विश्वासाला जागणे हे माणसाचेच काम आहे.