जखमेचा मान आणि आजाराचा कागद

सैनिकाच्या जखमेला आपल्या समाजात मान आहे. त्याच्या आजाराला तो नाही. रणांगणावर पाय गमावून आलेल्या जवानाच्या स्वागतास सारे गाव वेशीपर्यंत जाते, आणि ते उचितच होय. परंतु त्याच पलटणीतील, त्याच बर्फात पहारा केलेला दुसरा जवान मधुमेह, अपस्मार किंवा संधिवात घेऊन मुदतीपूर्वी परततो, तेव्हा त्याची ट्रंक शेवटच्या बसमधून अंधारात उतरते. सकाळी पारावर कोणी विचारतो, "रजेवर का?" तो "हो" म्हणतो. ही रजा मग महिनोन्महिने संपत नाही.

बेळगावकर वाचकांस हे नवे नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून येथे आहे, आणि आसपासच्या कित्येक घरांत पलटणीत गेलेल्यांच्या तीन-तीन पिढ्या मोजता येतात. अशा मुलखातील मुख्याध्यापकाकडे एक बिनपगारी काम आपोआप येते: लष्करी कचेऱ्यांतून आलेले इंग्रजी कागद वाचून दाखवण्याचे. गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी असाच कागद घेऊन आला. सेवा अकरा वर्षांची, हुद्दा नाईक. आजाराचे नाव अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात. आणि त्यापुढे एकच ओळ, की व्याधी प्रकृतिजन्य असून तिचा सेवेशी संबंध नाही. पेन्शनचे आकडे त्याने विचारलेच नाहीत. त्याने विचारले, "गुरुजी, मी हा आजार घेऊनच भरती झालो, असं म्हणतात का हे?"

हा आजार मोठा कपटी. तो बहुधा ऐन विशीत-तिशीत सुरू होतो. साधी पाठदुखी विश्रांतीने थांबते. ही विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते. त्यामुळे कवायतीच्या मैदानावर जवान ठणठणीत दिसतो, आणि पहाटे अंथरुणावरून उठताना त्याची पाठ लाकडासारखी ताठलेली असते. निदान होईपर्यंत कित्येकदा वर्षे लोटतात. या व्याधीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे वैद्यकशास्त्र मान्य करते; मंडळाची ती ओळ येथूनच येते. मात्र ज्यांच्या रक्तात तो अंश असतो, त्यांपैकी बहुसंख्यांना हा आजार कधीच होत नाही, हेही तेच शास्त्र सांगते.

लष्करात प्रकृतीची प्रतवारी 'शेप' या पाच अक्षरी शब्दाने होते: मन, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. पाचांतही एक आकडा असला की जवान पूर्ण सक्षम. आजार निघाला की आकडा वाढतो. प्रथम तात्पुरता, मग कायमचा. हलके काम उपलब्ध असेल तर जवानाला ठेवून घेतात. नसेल, अथवा प्रकृती त्यालाही पुरी पडत नसेल, तर वैद्यकीय मंडळापुढे उभे राहावे लागते. मंडळ ठरवते ते मुख्यतः दोन गोष्टी: अपंगत्व किती टक्के, आणि आजार सेवेमुळे उद्भवलेला वा सेवेमुळे बळावलेला आहे की नाही. 'बळावलेला' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. बीज घरचे असले तरी हिमालयातील थंडीने आणि पाठीवरच्या ओझ्याने ते वाढू शकते, हे त्या शब्दात मान्य केलेले आहे.

त्या एका ओळीवर रुपयेही अवलंबून असतात. २०२३ पूर्वीच्या नियमांत शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या तीस टक्के भाग मिळे. आजारामुळे मुदतीपूर्वी सेवामुक्त झालेल्याचे पन्नासांहून कमी अपंगत्व पन्नास धरले जाई. म्हणजे चाळीस हजार वेतनावर महिना सहा हजार. सेवेशी संबंध नाकारला, तर हा भाग शून्य.

या बाबतीत एक निकाल घराघरांत ठाऊक असावयास हवा. धरमवीर सिंग नावाचा सिग्नल्सचा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि अपस्मारामुळे १९९४ मध्ये त्यास घरी पाठवण्यात आले. त्याच्याही कागदावर 'प्रकृतिजन्य' हाच शब्द होता. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असेच गृहीत धरावयाचे. संबंध आहे हे सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. आणि मंडळाने केवळ शब्द न लिहिता कारणे दिली पाहिजेत. दाव्यापर्यंत पोहोचण्यास त्या जवानाची किती वर्षे गेली, हे वरील सनांवरून वाचकांनी मोजावे. २०२३ मध्ये पात्रतेचे नियम नव्याने आले आहेत. तेव्हा आपणास कोणते नियम लागू, हे सेवामुक्तीच्या तारखेवरून प्रथम पाहून घ्यावे.

आता थोडे भाषेविषयी, कारण तो माझा विषय. अशा जवानाबद्दल आपल्याकडे म्हणतात, "बोर्डानं काढला." काढला! चोरी करणाऱ्या गड्याला काढतात, पायातला काटा काढतात. निवृत्त, सेवामुक्त असे शब्द आपल्याजवळ असताना या माणसासाठी आपण नेमका हाच निवडला. माझ्या विद्यार्थ्याच्या आईने तर शेजारीपाजारी सांगून टाकले की सरावात कड्यावरून पडून त्याची पाठ दुखावली. त्या माउलीला मी दोष देणार नाही. मुलाच्या आजारापेक्षा मुलाची जखम तिला सांगावयास सोपी वाटली, एवढेच. मुलगा मात्र त्या गोष्टीने अधिकच मिटून गेला. कारण आता त्याला आजारही सोसावयाचा होता आणि न पडलेला कडाही.

वडील जुने हवालदार. त्यांनी महिनाभर मुलाशी पलटणीचा विषय काढला नाही. मग एके दिवशी आपल्या पेटीतून एक कापडी पिशवी आणून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मुलाने अकरा वर्षांत घरी पाठवलेली पत्रे तीत होती. चार वर्षांपूर्वीच्या एका पत्रात, उंचावरच्या ठाण्यावरून, त्याने लिहिले होते की पहाटे बूट घालायला वाकता येत नाही. पत्र हा काही वैद्यकीय पुरावा नव्हे. पण त्याच्या तारखेवरून त्या हिवाळ्यातील आजारपणाच्या नोंदी कोठे शोधावयाच्या ते कळले. भरतीच्या वैद्यकीय तपासणीची प्रत, रुग्णालयातून सुटल्याचे कागद, कोणत्या वर्षी कोठे नेमणूक होती त्याची यादी, असे सारे आम्ही जिल्हा सैनिक कार्यालयातील अनुभवी गृहस्थांना दाखवले. नकाराच्या पत्रात अपिलाची मुदत दिलेली होती. तिला अठरा दिवस उरले होते.

अर्ज डाकेने गेला आहे. अपिलात यश न आल्यास २००९ पासून सुरू असलेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहेच. दरम्यान डॉक्टरांनी नेमून दिलेले व्यायाम तो रोज पहाटे अंगणात करतो, दार उघडे ठेवून.