विश्लेषण : भुईमुगाचा तांबेरा रोखणारा जनुकीय मार्कर काय आहे? मग अडतं कुठे?

खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज भारत आयातीवर भागवतो. हे परावलंबन कमी करण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांचं तेलबिया अभियान मंजूर केलं. त्याची बरीचशी मदार सुधारित बियाण्यावर आहे.

भुईमुगात सुधारणा हवी ती आधी रोगांबाबत. तांबेरा आणि टिक्का हे बुरशीजन्य रोग बहुधा जोडीनेच येतात. दोन्हींचा जोर झाला तर निम्म्याहून अधिक उत्पादन जाऊ शकतं, पालाही जनावरांना घालण्याजोगा राहत नाही. शिवाय टिक्क्याने पानंच गळाली, तर कोणतं झाड तांबेऱ्याला पुरून उरलं हे ओळखणार कसं?

मार्कर काय करतो?

मार्कर म्हणजे डीएनएवरची एक खूण. ती हव्या त्या जनुकाच्या अगदी शेजारी असते आणि सहसा त्याच्यासोबतच पुढच्या पिढीत जाते. त्यामुळे रोग येण्याची वाट न पाहता रोपाचं कोवळं पान तपासून निवड करता येते.

धारवाड कृषी विद्यापीठाच्या 'जीपीबीडी ४' या वाणात डीएनएचा असा एक पट्टा सापडला. झाडाझाडांतल्या तांबेरा-प्रतिकारातला ८० टक्क्यांपर्यंतचा फरक या एकाच पट्ट्यामुळे असल्याचं अभ्यासात दिसलं. तो मूळचा बोलिव्हियातल्या एका रानटी भुईमुगाचा. हैदराबादजवळच्या 'इक्रिसॅट'मधल्या शास्त्रज्ञांनी मार्करच्या आधारे तो जळगावच्या 'जेएल २४' म्हणजे 'फुले प्रगती'मध्ये आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'टीएजी २४'मध्येही उतरवला. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळं नेहमीच्या संकरातून झालेलं असल्याने हे 'जीएम' पीक नव्हे, व्हॉट्सॲपवर काहीही फिरो.

मग अडतं कुठे?

बियाण्याच्या पोत्यात. मोहरीला हेक्टरी पाचेक किलो बी पुरतं, भुईमुगाला सुमारे १०० किलो दाणे लागतात. त्यामुळे नव्या वाणाचं बी वाढवायला अनेक हंगाम जातात. त्यात शेतकरी घरचंच बी पेरू शकतो, म्हणून खासगी कंपन्यांना या धंद्यात फारसा रस नाही. म्हणजे भार पडतो तो कृषी विद्यापीठं आणि सरकारी बियाणे महामंडळांवर. अभियानाचा खरा कस इथेच लागेल.

एक धोका मात्र प्रयोगशाळेतलाच आहे. बुरशीही बदलत असते. सगळीकडे एकाच पट्ट्याच्या भरवशावरचे वाण पेरले, तर त्याला चकवणारी बुरशी फोफावू शकते. त्यामुळे प्रतिकाराच्या आणखी जागा शोधून त्या एकाच वाणात एकत्र आणण्याचं काम थांबवून चालणार नाही.