अनुदान मोटारीला, की वाचलेल्या पाण्याला?



हंगामाची शेवटची मोळी गव्हाणीत पडली आणि आमच्या गटातले दहा-बारा सभासद आंबा घाट उतरून गणपतीपुळ्याला देवदर्शनास गेलो. तिथे डोंगरालाच देव मानून प्रदक्षिणा घालतात. ती झाली, समुद्रही डोळे भरून पाहिला. उतरलो होतो त्या घरच्या बाईंनी सकाळी अंघोळीला प्रत्येकी एक बादली पाणी मोजून दिलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारा हा मुलूख. पण जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात. आमच्यातले एक जुने सभासद बादलीकडे बघत म्हणाले, "एवढं पानी आमच्यात पाटाच्या फुटीतनंच जातंय की!" सगळे हसलो. मला मात्र घरचं शिवार डोळ्यांपुढं आलं.

दुसऱ्या दिवशी जयगडला फेरीबोटीतून खाडी ओलांडली आणि गुहागरकडे निघालो. पुढे अंजनवेलला विजेचा मोठा कारखाना लागतो. हाच तो दाभोळचा एन्रॉन प्रकल्प. तरुण सभासदांना याची कथा सांगायला हवी. डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाने त्या कंपनीशी करार केला. परदेशी भांडवल यावे म्हणून सवलती तरी किती! राज्याची हमी, तिच्यावर केंद्राची प्रतिहमी, बराचसा हिशेब डॉलरमध्ये. आणि मुख्य कलम असे की मंडळाने वीज उचलो वा न उचलो, यंत्रसामग्रीचा ठरलेला आकार भरायचाच. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडू लागली की २००१ साली मंडळाने ती घेणे बंद केले आणि प्रकल्प बंद पडला. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळून तो ताब्यात घेतला.

त्यावर राजकारण पुष्कळ झाले, ते सोडा. माझं म्हणणं साधं आहे. पैसा यंत्र उभं करण्याला बांधला होता, कामाला नव्हता. आपण तोडणीचे पैसे टनावर देतो. उचल मात्र कोयते मोजून देतो, आणि बुडते ती नेमकी उचलच! हे काय मी तुम्हाला नव्याने सांगावे?

आता एन्रॉनला नावं ठेवून झाली, तर थोडं आपल्या मोटारीकडं बघू. सत्तरीच्या दशकाअखेरपासून आपल्याकडे पंपाचे बिल अश्वशक्तीवर आले. मोटार दोन तास चालवा की रात्रभर, आकार तोच. २००४ साली निवडणुकीच्या तोंडावर वीज मोफत झाली, २००५ ला ती सवलत गेली. आता बळीराजा योजनेत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षे साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिल नाही. मी स्वतः लाभार्थी आहे आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. पण आपल्या नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थांच्या मोटारी साडेसातात बसत नाहीत. त्यांची सवलत निराळी, मुदतीची, आणि मुदत संपत आली की मुंबईला खेटे. शिवाय फुकट वीज बहुधा रात्रीची. ऑटो स्विच लावायचा आणि झोपायचं. पाणी सरीतून निघतं, ते शेजाऱ्याच्या बांधाला लागेपर्यंत चालतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठची हजारो एकर जमीन क्षारपड झाली. एकेकाळी एकरी साठ टन देणाऱ्या रानात आज लव्हाळा उगवतो. वाचलेलं बिल मांडताना त्या रानाची किंमतही मांडा.

ठिबकचंही तेच. अल्पभूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान मिळते. पण ते नळ्या अंथरण्याला! पाहणी झाली, फोटो निघाला, पैसे जमा झाले. पुढे नळ्या चालल्या की गुंडाळल्या, हे कोण विचारतो? दुसऱ्याचं कशाला, माझ्याच गोठ्याच्या माळ्यावर तीन वेटोळी पडून होती. खोडव्याला फिल्टर कोण धुणार म्हणून मोकळं पाणी सोडलं. वसंतदादा साखर संस्था वर्षानुवर्षे कानीकपाळी ओरडून सांगते की ठिबकने पाणी वाचते आणि उतारही वाढतो. पण वाचलेल्या पाण्याचा मला रोख एक पैसा मिळत नव्हता. कंटाळा मात्र रोज येत होता.

मग करायचं काय? गुजरातेत खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे. तिथल्या मोजक्या शेतकऱ्यांनी सौर पंप बसवून सहकारी मंडळी काढली. पिकाला पाणी देऊन उरलेली वीज ती २०१६ पासून वीज कंपनीला विकू लागली. करार २५ वर्षांचा, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. तिथे जादा पाणी सोडलं की आपलंच विकाऊ युनिट सरीत जातं. पंजाबनेही २०१८ मध्ये ठराविक कोटा देऊन वाचलेल्या युनिटला ४ रुपये देण्याची योजना आणली. उलट आपल्याकडे 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये दहा टक्के भरून पंप मिळतो, तो तारेला जोडलेला नसतो. दिवसा पाणी मिळतं हे फार मोठं सुख, नाकारणार नाही. पण उरलेली वीज विकता येत नाही, म्हणून ऊन आहे तोवर पंप चालूच.

मीटर म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, ते उगाच नाही. न वाचता लावलेली सरासरी बिलं आपण पुष्कळ भोगली आहेत. म्हणून मीटर बिलासाठी नको, जमेसाठी हवा. कोटा सरकारने द्यावा, वाचेल त्याचे पैसे सभासदाच्या खात्यावर यावेत, आणि वाचन त्या डीपीवरच्याच दोघा सभासदांनी मिळून करावं. एवढं शासनाला पटवायचं तर आधी आपण करून दाखवायला हवं. ऊसविकासाच्या खर्चातून एकाच डीपीवरचे दहा-पंधरा पंप दोन हंगाम असे चालवून बघावेत. टनेज किती पडलं, युनिट किती गेले, हे काट्यावर आणि मीटरवर दिसेलच.

अंजनवेलहून परत येताना त्या जुन्या सभासदांनी विचारलं, "ज्याची हीर आधीच आटलीय, त्यानं काय वाचवायचं?" प्रश्न खरा आहे. त्याचा कोटा पंपावर न ठरवता एकरावर ठरवावा असं मला वाटतं, पण यावर चर्चा व्हायला हवी.

हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे घ्यावा असा अर्ज मी कार्यालयात दिला आहे. सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून एका सभासदाची सही पाहिजे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद