वैद्याचे तत्त्वचिंतन : विद्यापीठाबाहेरची वाट

वैद्यकी करणाऱ्याने तत्त्वज्ञानाच्या वाटेला कशाला जावे, असा प्रश्न व्यवसायबंधूंच्या बैठकीत अधूनमधून निघतो. पदवीच्या पहिल्या वर्षी ‘पदार्थविज्ञान’ हा विषय आपण सर्वांनी पाठ केला, परीक्षा दिली आणि वही माळ्यावर टाकली. पुढे रुग्ण, औषधे, परवान्याचे नूतनीकरण आणि दुकानाचे भाडे यांतच दिवस सरतात. आम्हीही अनेक वर्षे त्यातलेच होतो. ज्या प्रसंगाने ती वही पुन्हा उघडावी लागली, तो प्रथम सांगतो.

सन 2017 चा पावसाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कोणीही विसरलेले नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्याच दिवसांत एका संध्याकाळी आमच्या दवाखान्यात एका मजुराला त्याच्या भावाने आणले. अंगाला दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधारी आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. भाऊ हात जोडून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, काही काढा असन तं द्या, यवतमाळले न्याची सोय नाही.” आमच्या फडताळात दूषीविषारि अगद होता. मनात सुश्रुताचे कल्पस्थान आणि चरकाच्या विषचिकित्सिताध्यायातील चोवीस उपक्रम होते. तरीही आम्ही काढा दिला नाही. भिजलेले कपडे उतरवून अंग धुवून काढले, शेजाऱ्याची गाडी मागितली आणि रुग्णाला शासकीय रुग्णालयात पोहोचविले. तेथे त्याला ॲट्रोपिन मिळाले आणि तो वाचला.

या घटनेनंतर आम्हाला दोन शेरे ऐकावे लागले. एक ज्येष्ठ वैद्यमित्र म्हणाले, “शास्त्रात सर्व काही आहे. आपण शास्त्रावर अविश्वास दाखविलात.” दुसरा शेरा रुग्णाच्याच गावातील एका तरुण शिक्षकाचा. तो म्हणाला, “काका, म्हणजे तुमचे पुस्तक जिथे चालत नाही तिथे तुम्ही दुसऱ्याकडे पाठवता. मग जिथे चालते म्हणता, तिथे ते खरेच चालते हे कशावरून?” दोन्ही शेरे परस्परविरुद्ध टोकांचे होते, आणि खरे सांगायचे तर आमच्यापाशी दोहोंचेही उत्तर नव्हते. योग्य ते केले याविषयी शंका नव्हती. ते योग्य का, हे मात्र सांगता येत नव्हते. ‘का’ सांगता न येणे हीच तत्त्वज्ञानाची निकड होय.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपला व्यवसाय ज्ञानाच्या एका प्रश्नावर उभा आहे आणि कायद्यानेही तो मान्य केला आहे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणभूत ग्रंथांची यादी आहे. शास्त्रोक्त औषध म्हणजे त्या ग्रंथांतील पाठाप्रमाणे बनविलेले औषध. औषधविक्रेते बंधू जेव्हा एखाद्या अरिष्टाची बाटली ग्राहकाच्या हाती देतात, तेव्हा वेष्टनावरील ग्रंथाच्या नावाला ते प्रमाण मानीत असतात. दर्शनांच्या भाषेत हा आप्तोपदेशाचा व्यवहार झाला. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस दिवसातून पन्नास वेळा प्रमाणविचार करतो. फक्त त्याचे नाव त्याला कोणी सांगितलेले नसते.

उत्तर शोधण्यासाठी आम्ही विद्यापीठाकडे गेलो नाही. वय आणि व्यवसाय दोन्ही आड आले. पण शोध घेता घेता ध्यानात आले की आपल्या प्रांतात तत्त्वचिंतनाची फार मोठी परंपरा विद्यापीठाबाहेरचीच आहे. खानदेशात अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. एका गिरणीमालकाने एका लहान गावात चालविलेल्या या संस्थेत कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखे विचारवंत येऊन राहिले आणि साने गुरुजींनी तेथेच काही काळ तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात गुलाबराव महाराजांनी (1881–1915) बालपणीच दृष्टी गेलेली असताना, इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि आपले विचार सांगून लिहवून घेऊन, मधुराद्वैताची मांडणी केली. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य, पाठीशी कोणतेही पीठ नाही, आणि तरीही ग्रंथांची संख्या शंभरावर.

यांच्या अगदी विरुद्ध टोकाचे उदाहरणही विदर्भातलेच आहे. अमरावतीस तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या दि. य. देशपांडे (1917–2005) यांनी 1990 मध्ये नागपुराहून ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केले. आगरकरांच्या 1888 मधील ‘सुधारका’चे नाव पुढे चालविणारे हे मासिक विवेकवादाला वाहिलेले होते. त्यामागे सरकारी अनुदानाचा डोलारा नव्हता की मोठी संस्था नव्हती. वर्गणीदार आणि काही निष्ठावंत माणसे एवढेच भांडवल. पुढे त्याचे संपादन करणाऱ्यांत लिपीचे अभ्यासक दिवाकर मोहनी होते आणि व्यवसायाने स्थापत्य अभियंता असलेले नंदा खरेही होते. पूल आणि धरणांची कामे केलेला माणूस ज्ञानमीमांसेवरील मासिक चालवू शकतो, तर नाडी पाहणाऱ्याने का संकोचावे? छापील अंक थांबल्यावरही हा उपक्रम संपला नाही. तो महाजालावर गेला आणि जुने अंकही तेथे वाचावयास मिळू लागले. खासगी उमेदीने, कोणाच्याही परवानगीवाचून चालणारी अशी ठिकाणे आता आर्णीच्या किंवा पुसदच्या वैद्याच्याही हाताशी आली आहेत. चरक-सुश्रुतांच्या मूळ संहितासुद्धा आज घरबसल्या उघडता येतात.

आम्ही ते विवेकवादी लेखन वाचले, तेव्हा आरंभी मन खट्टू झाले. शब्दप्रामाण्याला तेथे थारा नाही. कोणी सांगितले यापेक्षा पुरावा काय, हा तेथील पहिला प्रश्न. आपल्यातील पुष्कळांना हे शत्रूचे लेखन वाटेल, आणि म्हणूनच ते वाचू नये असेही वाटेल. पण नेमक्या याच ठिकाणी चरकाचार्य आपल्याला अडवितात. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ते सांगतात की बुद्धिमान माणसाला अवघे जग आचार्य असते, आणि हितकर वचन शत्रूच्या तोंडचे असले तरी ऐकून आचरावे. त्याच अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार येतात : स्नेहभावाने होणारी संधाय संभाषा आणि जिंकण्याच्या ईर्षेने होणारी विगृह्य संभाषा. पाठोपाठ वादमार्गाची चव्वेचाळीस पदे दिली आहेत. वैद्यकाच्या ग्रंथात इतकी पाने वादशास्त्राला का द्यावी लागली, याचा विचार आपण कितीदा केला? सुरेंद्रनाथ दासगुप्तांनी भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासाच्या 1932 मधील दुसऱ्या खंडात वैद्यकसंप्रदायांच्या चिंतनासाठी स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले. तत्त्वज्ञानाच्या इतिहासकाराला जे दिसले, ते वैद्यांना दिसू नये हे शोभत नाही.

आता त्या दोन शेऱ्यांकडे वळू.

“शास्त्रात सर्व काही आहे” या पहिल्या विधानाला संहितेचाच आधार नाही. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात परीक्षा चार प्रकारची सांगितली आहे : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. ग्रंथवचन पुरेसे असते, तर उरलेल्या तिहींची गरजच नव्हती. विमानस्थानात रोगज्ञानासाठी आप्तोपदेश प्रथम सांगितला आहे, हे खरे. आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याचा अर्थ असा की कोठे आणि काय पाहावे हे ग्रंथ शिकवितो. पाहावे मात्र आपणच लागते. त्या मजुराच्या बाहुल्या आम्ही प्रत्यक्ष पाहिल्या. तो दिवसभर फवारणी करीत होता, यावरून कारणाचे अनुमान केले. हे विष रसायनशाळेत विसाव्या शतकात जन्मले, म्हणून संहिताकारांच्या अनुभवात ते असणे शक्य नाही, आणि ज्याचा प्रतिविषाचा अनुभव आहे त्याच्याकडे रुग्ण जावा, ही युक्ती झाली. अविश्वास येथे कोठे आला? शास्त्राने दिलेली चारही साधने आम्ही वापरली.

याविरुद्ध सुश्रुताचे एक स्थळ हमखास पुढे केले जाते. सूत्रस्थानाच्या चाळिसाव्या अध्यायात सांगितले आहे की औषधांविषयी तर्कट करू नये, ती आगमानुसार वापरावी. हा आक्षेप डावलण्यासारखा नाही. पण तेथेच दिलेले कारण वाचावे. औषधांचे फळ प्रत्यक्ष दिसणारे आहे. हजार हेतू दिले तरी अंबष्ठादि गण रेचन करणार नाही. म्हणजे सुश्रुताचार्य येथे अनुभवाची बाजू घेऊन कोरड्या तर्काला आवरीत आहेत. या वचनाची ढाल करून अनुभवालाच तोंड बंद करावयास सांगणे हा वचनाचा विपर्यास होय.

तरुण शिक्षकाचा प्रश्न मात्र अधिक कठीण आहे, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जिथे गुण येतो असे आपण म्हणतो, तिथे तो औषधाने आला, पथ्याने आला, की काळाने आला? सर्दी आपोआपही बरी होते. संधिवाताचा रुग्ण ऋतू पालटल्यावरही हलका होतो. गुण आलेले रुग्ण आपल्या स्मरणात राहतात. जे परत आलेच नाहीत त्यांची नोंद कोणाच्याही वहीत नसते. न आलेल्या रुग्णाला आपण बरा झालेला समजतो, हा आपल्या व्यवसायातील सर्वांत मोठा हेत्वाभास आहे असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. विवेकवाद्यांच्या वाचनाने आम्हाला हे शिकविले, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

त्यांच्याशी आमचा मतभेदही आहे. शब्दप्रमाण पूर्णपणे टाकून कोणाचेच चालत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल वाचणारा विवेकवादीही ती तपासणी स्वतः करीत नाही. तो विश्वासच ठेवतो. तेव्हा खरा प्रश्न हा की विश्वास कोणावर आणि कोणत्या अटीवर ठेवावा. चरकाचार्यांनी आप्ताचे लक्षण सांगताना त्याला रज आणि तम यांपासून मुक्त म्हटले आहे. आजच्या भाषेत, ज्याला आपल्या विधानातून लाभ साधावयाचा नाही आणि ज्याच्या ज्ञानावर मोहाचे पटल नाही, तो आप्त. ही कसोटी महाजालावर आढळणाऱ्या प्रत्येक मजकुराला लावावी, आणि तितक्याच कठोरपणे ती आपल्या दुकानात टांगलेल्या फलकालाही लावावी. मधुमेह समूळ नाहीसा करण्याची हमी देणारा फलक या कसोटीला उतरत नाही. 1954 च्या चमत्कारी उपाय व आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातही तो बसत नाही, हे विक्रेते बंधूंनी विसरू नये.

काही जण विचारतील, असा वाद उघडपणे मांडल्याने लोकांची श्रद्धा उडणार नाही काय? सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील ऋषिपरिषद आठवावी. पुरुष आणि रोग कशापासून उत्पन्न होतात यावर एकेका ऋषीने वेगळे मत मांडले, दुसऱ्याने ते खोडले, आणि हा सारा मतभेद ग्रंथात जसाच्या तसा ठेवला गेला. आपापला पक्ष धरून बसणारे तेलाच्या घाण्याभोवती फिरणाऱ्यासारखे कोठेच पोहोचत नाहीत, असे पुनर्वसू आत्रेयांनी त्या परिषदेला बजावले. मतभेद लपविल्याने शास्त्र टिकले असते, तर हा अध्याय संहितेत राहिलाच नसता.

म्हणून आमची व्यवसायबंधूंना नम्र सूचना अशी. प्रत्येकाने एक वही ठेवावी. एखाद्या रुग्णाविषयी ग्रंथातून काय घेतले, प्रत्यक्ष काय पाहिले, काय अनुमानिले आणि कोणती युक्ती योजिली, हे चार रकान्यांत लिहावे. पाचवा रकाना चुकांचा असावा आणि तो कोरा राहू नये. न परतलेल्या रुग्णांची चौकशी महिन्यातून एकदा तरी करावी. विक्रेते बंधूंनी कोणते औषध कोणत्या तक्रारीसह परत आले, याची टिपणे ठेवावी. ज्यांना जमेल त्यांनी रुग्णाची ओळख उघड न करता आणि औषधाची जाहिरात न करता, हे चिंतन स्वतःच्या नावाने मराठीत प्रसिद्ध करावे. महाजालावर त्यासाठी आज ना छापखाना लागतो, ना कोणाची शिफारस. तालुक्याच्या ठिकाणी चार वैद्य, एक ॲलोपॅथीचे डॉक्टर आणि एक आपल्याशी न पटणारा शिक्षक अशी संधाय संभाषा भरवावी. यातले काहीच खर्चिक नाही.

तो तरुण शिक्षक आता अधूनमधून दवाखान्यात येतो. त्याचे समाधान अजून झालेले नाही, आमचेही पुरते झालेले नाही. मात्र आमच्या वहीचा पाचवा रकाना त्याने वाचला, तेव्हापासून तो वाद घालताना खुर्ची ओढून बसतो. पूर्वी दारातूनच बोलून निघून जात असे.