विश्लेषण : २१ हजार की अडीच लाख? गरीब नेमके कोण आणि मदतीने माणूस खरेच काम सोडतो का?

‘फुकट मिळते, मग काम कोण करणार?’ हा प्रश्न आता पारावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. शहरी बेघरांच्या निवाऱ्याविषयीच्या सुनावणीत फेब्रुवारी २०२५ मध्ये न्या. भूषण गवई यांनी मोफत योजनांमुळे परजीवींचा वर्ग तर तयार होत नाही ना, अशी तोंडी विचारणा केली. महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नसल्याचाही त्यांनी उल्लेख केला. मात्र मदतीने माणूस आळशी होतो का, हे तपासण्याआधी गरीब कोणाला म्हणायचे, हे पाहावे लागते.

गरिबीची रेषा कोण ठरवते?

सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार २०११-१२ मध्ये दरडोई मासिक खर्च ग्रामीण भागात ८१६ आणि शहरात १,००० रुपयांपेक्षा कमी असलेली व्यक्ती गरीब ठरली. देशात असे २१.९ टक्के लोक होते. सी. रंगराजन समितीने २०१४ मध्ये त्याच वर्षासाठी ही रेषा ९७२ आणि १,४०७ रुपयांवर नेली. गरिबांचे प्रमाण २९.५ टक्के झाले. म्हणजे फक्त रेषा सरकली आणि गरिबांची संख्या सुमारे २७ कोटींवरून ३६ कोटींवर गेली.

जागतिक बँकेचे आकडेही असेच आहेत. रोजच्या तीन डॉलरच्या (क्रयशक्तीनुसार) रेषेखाली २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के भारतीय होते. हीच रेषा ४.२० डॉलर केली तर प्रमाण २३.९ टक्के होते. निती आयोग पैशांऐवजी पोषण, शिक्षण, स्वयंपाकाचे इंधन, घर अशा १२ निकषांवर ‘बहुआयामी’ गरिबी मोजतो. त्यानुसार २०२२-२३ मध्ये ११.२८ टक्के लोक गरीब असल्याचा अंदाज आहे.

योजनांसाठी कोणती रेषा वापरतात?

यापैकी एकही नाही. प्रत्येक योजनेची मर्यादा वेगळी. महाराष्ट्रात अन्नसुरक्षा योजनेच्या प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार रुपये ठरवण्यात आले. ‘लाडकी बहीण’साठी अडीच लाख, तर संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचे उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवे.

निराधार विधवेला मिळणारी रक्कम आणि लाडक्या बहिणीचा हप्ता सारखाच, म्हणजे महिना १,५०० रुपये. रक्कम एक, पण ‘गरजू’ची व्याख्या जवळपास बारा पटींनी वेगळी.

मदतीमुळे लोक काम सोडतात का?

अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना आदी अर्थतज्ज्ञांनी सहा विकसनशील देशांतील सात सरकारी रोख मदत योजनांच्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र तपासली. मदत मिळाल्याने स्त्री-पुरुषांनी काम कमी केल्याचा ठोस पुरावा त्यात आढळला नाही. मध्य प्रदेशातील काही गावांत ‘सेवा’ संघटनेने २०११-१२ च्या सुमारास केलेल्या प्रयोगात तर लोक दुसऱ्याच्या बांधावरील मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे वळल्याचे दिसले. मजूर मिळत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी असू शकते. पण त्याचा अर्थ मजूर घरी बसला, असाच होत नाही.

साधा हिशेबही पाहता येतो. राज्यात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. म्हणजे १,५०० रुपये ही पाच दिवसांच्या मजुरीपेक्षाही कमी रक्कम. तेवढ्यावर महिना निघत नाही.

मग अवलंबित्व येते कुठून?

बऱ्याचदा अटीतून. निराधार योजनेतील एखाद्या महिलेने रोजगार हमीच्या दराने वर्षात ६८ दिवस काम केले, तर तिची कमाई २१,२१६ रुपये होते. मर्यादा ओलांडली, की वर्षाची १८ हजारांची मदत धोक्यात येते. अशा वेळी काम टाळणे किंवा कमाई लपवणे हा आळस नसतो, हिशेब असतो. तेंडुलकर समितीच्या २०११-१२ च्या ग्रामीण रेषेनेही चार जणांच्या कुटुंबाचा वर्षाचा खर्च ३९ हजारांवर जातो. म्हणजे जुन्या दारिद्र्यरेषेच्या बऱ्याच खाली असलेले कुटुंबही या योजनेत ‘अपात्र’ ठरू शकते.

खर्चाचा आक्षेप कितपत खरा?

तो दुर्लक्षिता येणार नाही. ‘लाडकी बहीण’साठी राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटींची तरतूद झाली. हा पैसा दवाखाने, शाळा, सिंचनाकडे गेला असता का, हा रास्त प्रश्न आहे. पण तो तिजोरीच्या प्राधान्यक्रमाचा प्रश्न आहे, घेणाऱ्याच्या स्वभावाचा नाही.

उपाय काय?

मर्यादा महागाईशी जोडणे आणि उत्पन्न वाढताच मदत एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने कमी करणे, हे दोन बदल आधी करता येतील. काही काळ वाढीव कमाई हिशेबात न धरणे हाही मार्ग आहे. महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमीचा कायदा केला. त्यात गरिबीचा दाखला लागत नव्हता; अंगमेहनतीची तयारी हीच पात्रता होती. त्याच राज्यात आज ६८ दिवसांची मजुरी एखाद्या विधवेची मदत बंद करू शकत असेल, तर तपासायला हवी ती आधी अट.