चुकलेल्या उत्तरांचा अंक

सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर थांबतो. तेव्हा त्याचे त्वरण किती? गतीची समीकरणे पाठ असलेले बी.एस्सी.चे विद्यार्थीही अनेकदा ‘शून्य’ म्हणतात. बी.एड.च्या वर्गात हेच ऐकले की आम्हाला जास्त काळजी वाटते. कारण हे चुकीचे उत्तर उद्या शाळेत शिकवले जाईल. हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी असल्याच साध्या प्रश्नांवर आपले विद्यार्थी अडखळताना पाहिले, आणि १९९१ पासून व्याख्यान मध्येच थांबवून त्यांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावले.

आपल्या भरगच्च वर्गांतही हे जमेल, असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणून या अंकात अभ्यासक्रमापेक्षा चुकलेल्या उत्तरांवर भर आहे. तुमच्या वर्गात ऐकलेले असे एखादे उत्तर, आणि त्यानंतर तुम्ही काय केलेत, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा.